मेजरसाहेबांच्या बाळाचं टोपडं

हसू नका हं, आधीच सांगते! चारचौघांत मी आयुष्यात एकदाच उभी राहून बोलले. बसून राहिले असते तर किती बरं झालं असतं!

लग्न होऊन मी नुकतीच बंगळूरला आले होते. आमचे हे सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. तिथली ड्रॉइंगं कडक, निळसर कापडावर काढत, आणि रद्द झाली की ते कापड सगळेच घरी आणत. शेजारच्या सुंदराक्का निपाणीकडच्या. त्यांनी मला युक्ती शिकवली.

"स्वल्प गरम पाण्यात भिजव, चोळ. खळ जाते, शाई जाते. मलमल होतंय बघ!"

झालीच की मलमल! मी टोपडं शिवलं आणि सुरक्षा अधिकारी मेजरसाहेबांच्या बाळाला उष्टावणाला दिलं.

पुढच्याच आठवड्यात मेजरसाहेबांनी सगळ्या कामगारांना बायकांसकट क्लबात बोलावलं. विषय, कारखान्याची गुपितं कशी राखावीत! साहेब साताऱ्याकडचे, तासभर हिंदीत गरजले, मग आमच्यासाठी मराठीत.

"कारखान्यातली एक रेघसुद्धा घरी जाता कामा नये! गेली असेल तर आज सांगा, माफ. उद्या सापडली तर नोकरी गेली!"

पहिल्या रांगेत मेजरीणबाईंच्या खांद्यावर बाळ, आणि त्याच्या टोपड्यावर, उजेडात, पुसट रेघा!

मी यांच्याकडे पाहिलं. हे खोकले. म्हणजे सांग, की गप्प बस? पुन्हा खोकले. म्हटलं, सांगच म्हणतायत. उठले.

"आमच्याकडे होतं… पण आता नाही."

"मग कुठं आहे?"

"तुमच्या बाळाच्या डोक्यावर."

मेजरसाहेबांनी टोपडं दिव्यापुढे धरलं. तोफ निघते की विमान?

"अहो, हा तर सायकल स्टँड!" साहेबांना हसू आवरेना. मग एकदम गंभीर. "हे शिकवलं कुणी?"

खरं सांगितलं की माफ, नाही का?

"सुंदराक्कांनी. पण सगळ्याच करतात."

हॉलभर पदर सरसावले. झबली, फ्रॉक, परकर, जे ते झाकायची घाई!

नोकरी कुणाची गेली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वसाहतीतली निम्मी बाळं उघडी आणि गेटावर कपड्यांचा ढीग.

तेव्हापासून मी नळावर गेले की बायका गप्प. शेवटी सुंदराक्कांना नुसतं विचारलं, "आज भाजी काय केलीत?"

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"तुला नाही सांगायची. मेजरसाहेबांनी शिकवलंय."