डाव्या विंगेतून

गेल्या बेचाळीस वर्षांत मी माझं एकही वाक्य पूर्ण केलेलं नाही. सुरुवात माझी असते, शेवट आमच्या ह्यांचा. मी म्हणावं, "आज मी बँकेत…" की हे लगेच, "जाऊन आलीस." मी जाऊन आलेली नसते, जायचं असतं. पण पुढचा शब्द देऊन झालेला असतो. डॉक्टरांनाही हे सोडत नाहीत. एकदा डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला जरा…" आणि ह्यांनी त्यांच्या तोंडात मधुमेह घातला. डॉक्टर बिचारे वजन कमी करा म्हणणार होते. मग उगाच आठवडाभर रक्त तपासत बसलो.

खोड नाटकातली आहे. नोकरी दुकानांतले वजनकाटे तपासायची, पण जीव अडकलेला नाट्यमंडळात. तिथे हे प्रॉम्प्टर. एकतीस वर्षं डाव्या विंगेत, काळ्या पडद्याआड, एका लोखंडी स्टुलावर बसून ह्यांनी लोकांना शब्द पुरवले. नट अडला की पुढचा शब्द नेमका त्याच्या कानात टाकायचा, पहिल्या रांगेला पत्ता लागू द्यायचा नाही. सोपं काम नाही, हे मी कबूल करते. रंगमंचावर मात्र ह्यांना कुणी कधी पाहिलं नाही, आणि ह्यांनाही त्याची खंत नव्हती. मला होती. पण ती सांगायला घेतली की पुढचं वाक्य हेच म्हणून टाकत.

निवृत्त झाल्यावर आता तरी घरात बसतील असं वाटलं होतं. कसलं काय! वाचनालयाच्या माळ्यावरची मोठी खोली मागून घेतली आणि शहरातल्या मुलामुलींसाठी नाटकाचा वर्ग काढला. झाडू कोण मारणार, मी. कपडेपट कोण शिवणार, मी. किल्ली हरवली की कुणाची पर्स उपसायची, माझी. चौदा वर्षं हे चाललंय. ह्यांच्या हाताखालून निघालेली पोरं आज कुठे कुठे कामं करतात. कुणाचा आवाज छातीतून येतो आणि कुणाचा नुसता घशातून, हे ह्यांना पोरगं जिना चढताना बोललं तरी कळतं. तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

पण एक घोळ होता, आणि तो ह्यांना कुणी सांगायचं? वर्गातलं एकही मूल धड पाठांतर करत नसे. कशाला करेल? काका आहेत की विंगेत. अर्धं वाक्य आठवलं तरी बास, उरलेलं डावीकडून येणारच. त्यामुळे आमच्या शहरातल्या नटांची मान डावीकडे कललेली असते. बाहेरगावचे लोक याला आमच्याकडची शैली म्हणतात. एका परीक्षकांनी तर तसं लिहूनसुद्धा दिलं होतं. मी तो कागद वाचून कपाळावर हात मारला. ह्यांनी तो फ्रेम करून लावला.

अशा वर्गात घुमी आली. हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण पोरगी बोलायचीच नाही. तिच्या आईची लाँड्री आहे, नवरा नाही, सोबतीला दोन इस्त्र्या आणि ही एकुलती एक. पोरगी कॉलेजातून येऊन आधी चादरींच्या घड्या घालायची, मग धावत आमच्याकडे. हाताला कायम स्टार्चचा वास. पहिले चार महिने कोपऱ्यात बसून होती. मग एक दिवस ह्यांनी तिला उभं केलं आणि एका म्हातारीचं स्वगत वाचायला दिलं. बऱ्याच वर्षांनी घरी आलेल्या मुलाशी ती बोलते, असं. घुमीने पहिलं वाक्य म्हटलं, "आलास? बस." आणि ती थांबली. नुसती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी तिथेच एका झग्याला काजं करत होते. माझी सुई थांबली. त्या खुर्चीत खरंच कुणीतरी येऊन बसलंय असं मला वाटलं.

आणि आमचे हे म्हणाले, "जेवलास का."

पुढचं वाक्य होतं ते. मला असा संताप आला की सुई बोटात गेली.

वर्षभर हेच. पोरगी थांबायची आणि हे शब्द टाकायचे. तिचं थांबणं हीच तिची खरी करामत होती, ती सगळ्या वर्गाला कळत होती, वाचनालयाच्या शिपायाला कळत होती. फक्त ज्याने तिला हेरलं त्याला कळत नव्हती. रंगमंचावर शांतता झाली की ह्यांचं बोट लगेच पुढच्या शब्दावर जातं. एकतीस वर्षं शांतता म्हणजे कुणीतरी विसरलंय, एवढाच अर्थ ह्यांना ठाऊक.

त्या वर्षी राजधानीतल्या नाट्यविद्यालयाची निवड होती. आमच्या भागातून एकच जागा, शिक्षण आणि राहणं विद्यालयाकडे, वर्ग पहिल्या तारखेला सुरू. घुमीच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं की या वेळी झालं तर झालं, नाहीतर पहिल्या तारखेपासून पोरगी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागेल. तिचं तिथलं बोलणंही होऊन गेलं होतं. आईला दोष देणार नाही मी. दोन इस्त्र्यांवर घर किती दिवस चालवायचं?

पहिली फेरी झाली. घुमी म्हणाली, "आलास? बस." थांबली. सभागृह गप्प. आणि डाव्या विंगेतून, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेल असं, "जेवलास का." वयामुळे ह्यांची कुजबुज आता कुजबुज राहिलेली नाही, हेही ह्यांना कुणी सांगायचं? मागे कुणीतरी फिसकन हसलं. परीक्षकांनी शेरा मारला, पाठांतर कच्चं. बाकीच्या अभिनयावर पोरगी कशीबशी अंतिम फेरीत गेली, यादीत सर्वांत खाली.

आठवडाभर ती वर्गाला आली नाही. मग आली, आणि सरळ ह्यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, मी विसरले नव्हते."

"मग थांबलीस कशाला?"

"थांबायचं होतं."

एवढंच बोलली आणि खुर्च्या लावायला लागली. हे माझ्याकडे बघायला लागले. मग मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या दिवशी माझं प्रत्येक वाक्य मी स्वतः पूर्ण केलं. शेवटी ठरलं की अंतिम फेरीला संहिता माझ्या हातात राहील. हे फक्त मागे उभे राहतील, तेही तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवून. घरी सराव केला. मी म्हणायची, "भाजीला आज…" आणि ह्यांनी गप्प राहायचं. ह्यांचे ओठ थरथरायचे, कान लाल व्हायचे. चार दिवसांत दोन पाकिटं गोळ्या संपल्या.

अंतिम फेरी सकाळी दहाला होती. स्टुलावर मी, मांडीवर संहिता, पाठीशी हे. घुमी गेली, खुर्चीकडे बघितलं. "आलास? बस." आणि थांबली. मागे गोळी कडकन फुटल्याचा आवाज आला, पण शब्द आला नाही. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग तिने अगदी हळू विचारलं, "जेवलास का?" आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता जिंकलो, असं मी मनात म्हटलं.

स्वगत छान चढत गेलं. आणि शेवटून तिसऱ्या वाक्याला पोरगी अडली. तिथे थांबायची जागा नव्हती. मी संहितेवर बोट ठेवून होते. तिची नजर खुर्चीवरून सुटली, आणि वर्षभरात कधी नव्हे ती तिची मान किंचित आमच्याकडे कलली. विसरली होती. मी तोंड उघडलं, आणि मागून ह्यांचा हात येऊन माझ्या तोंडावर बसला.

मी हात काढायला गेले तर घट्ट धरलेला. जन्मभर नको तिथे बोलला हा माणूस, आणि आज गरज आहे तर मलाही बोलू देत नाही! त्या क्षणी मी ह्यांना चावले असते. समोर पोरीच्या मानेची शीर उडताना दिसत होती. आपला शब्द येत नाही, हे तिला कळलं. ती परत खुर्चीकडे वळली. दोन पावलं गेली, खुर्चीची पाठ धरली, आणि संहितेत कुठेच नसलेलं बोलली, "राहू दे. नको सांगूस काही. आलास ना." मग शेवटचं वाक्य म्हणून नमस्कार करून बाहेर आली. आमच्याकडे न बघता सरळ समोरून निघून गेली.

यादी दुपारी लागणार होती. तोवर व्हरांड्यातल्या बाकावर ती एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला आणि मधे मी. मी तर ह्यांच्याकडे पाठ करून बसले होते. मनात धुलाईखान्याचा तो ओला, वाफेचा हॉल दिसत होता, आणि त्यात ही उभी, आयुष्यभर.

तीनला कारकुनाने कागद डकवला. तिचंच नाव होतं. मी दोनदा वाचून खात्री केली. ती मात्र नाव बघून हसली नाही की नाचली नाही. वळून ह्यांच्याकडे आली. आवाज रागाने फाटला होता.

"मी आज खरंच विसरले होते, काका."

"माहीत आहे. तुझी मान कलली."

"मग सांगितलं का नाही?"

ह्यांनी गोळीचा कागद खिशात कोंबला, परत काढला.

"तिथे विंगेत मी नसणार, बाळ," हे म्हणाले.

दीड वर्षात जिने रडून दाखवलं नव्हतं, ती पोरगी त्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडली. मधेच म्हणाली, मग मला तिथे जायचंच नाही. हे काहीतरी बोलायला गेले. ओठ हलले, पण शब्द फुटेना.

तेव्हा मीच म्हटलं, "जायचं. पहिल्या तारखेला जायचं."