कुठेही न जाणारी बस

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी, चाकणजवळच्या एका पोलीस चौकीत, मला फरशीवर बसवून कान धरायला सांगितलं. माफीचा व्हिडिओ करायचा होता. खुर्च्या दोन होत्या. एकीवर फौजदार, दुसरीवर आमचा ठेकेदार. ठेकेदाराच्या हातात चहा आणि माझा फोन.

"स्कार्फ काढ," फौजदार म्हणाला. "थोबाड दिसू दे लोकांना."

मी काढला. कानही धरले.

त्याच्या आदल्या आठवड्यात कंपनीत सरकारी तपासणी होती. तपासणीच्या दिवशी आमच्याकडे एक रीत आहे. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवरच्या ठेक्याच्या बायकांना कंपनीच्या बसमध्ये बसवतात, पडदे ओढतात आणि बस गोदामामागे उभी करतात. मशीनवर कायम कामगार उभे राहतात, कारण प्रेस ठेक्याच्या बायका चालवतात हे तपासणीत दिसायला नको. साहेब फिरून गेले की आम्ही परत आत. रेखाताईची दोन बोटं याच प्रेसवर गेली. ती आता तयार भागांना प्लास्टिकच्या टोप्या लावायच्या कामावर आहे. हात ओढणीत गुंडाळून ठेवते. त्या दिवशी तीही बसमध्ये होती.

मी पडदा सारला आणि फोन धरला. तीनच वाक्यं बोलले. ही बस कुठेही जात नाहीये. आत तपासणी चालू आहे. जिच्यावर रेखाताईची बोटं गेली, ती प्रेस चालवणाऱ्या आम्ही सगळ्या इथे बसलोय.

त्याच रात्री मी व्हिडिओ टाकला आणि तो तळवड्यापासून पिंपरीपर्यंत फिरला. माझ्या गावाकडूनही फोन आले. मग एका सकाळी तो उघडेना. त्या जागी एक ओळ होती. सरकारी आदेशामुळे हा मजकूर भारतात दिसणार नाही. काय चुकलं, कोणी ठरवलं, काही लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी तो शेअर केला होता, त्या पोरी मला विचारायला लागल्या, "आपल्यालाही उचलतील का गं?" दोघींनी मला ग्रुपमधून काढलं.

आणि मंगळवारी चौकीतून बोलावणं आलं.

"बोल. माझ्याकडून चूक झाली म्हण," फौजदार म्हणाला.

"काय चूक झाली म्हणू?"

"नीट सांग. कशाची माफी मागतेस ते कळलं पाहिजे लोकांना."

ठेकेदाराने फोन माझ्यापुढे धरला. मी बोलायला लागले. "ही बस कुठेही जात नाहीये, आत तपासणी चालू आहे, असं मी बोलले..."

"आरं बंद कर, बंद कर!" ठेकेदार स्वतःवरच ओरडला. त्याला बटण सापडेना. "सायेब, ही समदं परत बोलतीया. आमी हिला रोजगार दिला, अन् ही आमालाच..."

फौजदार वैतागला. "नुसतं चूक झाली म्हण. पुढचं नको."

"साहेब, त्यातलं खोटं काय आहे?"

"खरं-खोटं मला नको विचारू. वरून बंद झालंय."

"आदेश दाखवा."

"गोपनीय असतो. शिकलीस किती?"

"दहावी. तुम्ही वाचलाय का तो?"

त्याने ठेकेदाराकडे बघितलं. ठेकेदार चहाच्या कपात बघत होता. आदेश त्या खोलीतल्या कोणीच वाचलेला नव्हता.

मी कान सोडले. फरशीवरून उठले. स्कार्फ घडी करून पिशवीत ठेवला, तोंडाला बांधला नाही. "हे मी बोलणार नाही," म्हणाले आणि फोनसाठी हात पुढे केला. ठेकेदाराने तो टेबलावर टाकला.

"उद्यापासून गेटवर दिसू नगंस," तो म्हणाला.

बुधवारी माझा गेटपास चालला नाही. आदेशाची प्रत मी लेखी मागितली आहे. ती मिळालेली नाही. व्हिडिओ बंदच आहे. माफीचा व्हिडिओ झालेला नाही.

सोमवारी पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी मी कंपनीसमोरच्या बसथांब्यावर उभी राहिले आणि तीच तीन वाक्यं मोठ्याने बोलले. शिफ्ट सुटायची असते तेव्हा रोज बोलते. शुक्रवारी रेखाताई गेटमधून बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिचा हात ओढणीबाहेर होता.