चुंबकपट्टीची पाठ

मालकांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. "बाई, सही करा आन मोकळं व्हा."

कागदात लिहिलं होतं की पट्टीत पावडर कमी पडली आणि जबाबदार मिक्सिंगचे दस्तगीरमामा. सही लॅब केमिस्टची, म्हणजे माझी. ती झाली की मामांची नोकरी गेली असती.

आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यात फ्रिजच्या दाराची रबरी चुंबकपट्टी व्हायची. फेराइट नावाची काळी, जड पावडर मिलच्या दोन रोलांमध्ये रबरात मळायची, डायच्या साच्यातून पट्टी काढायची, भट्टीत पकवायची. शेवटी कॉइलमधून विजेचा झटका द्यायचा, तेव्हा कुठं ती लोखंडाला चिकटते. मळायचं काम मामांचं.

पहिला मोठा लॉट पुण्याच्या फ्रिज कारखान्याला गेला आणि तक्रार आली, दारं लागत नाहीत. मामा पावडर बाहेर विकतात, असं तिथल्या इंजिनियरनं पत्रात लिहिलं होतं.

मी सही केली नाही. पावडर कमी असती तर पट्टी हलकी भरली असती. परत आलेले तुकडे मी तोलले. वजन बरोबर होतं.

"वजनानं दार लागतंय व्हय?" मालक म्हणाले. तेही खरंच होतं.

मग मी मामांना घेऊन पुण्याची एसटी धरली. मामांना कशाला नेता, असं मालकांनी विचारलं. ज्यांच्यावर आरोप आहे ते समोर असायला हवेत, असं मी सांगितलं.

इंजिनियर माझ्याशी इंग्रजीत बोलत होता. मामांना कळावं म्हणून मी उत्तरं मराठीत दिली. मामा मात्र कामगारांचे हात बघत होते. पट्टी हाताला येईल तशी गॅस्केटमध्ये, म्हणजे दाराच्या कडेच्या पोकळ रबरात, सरकवली जात होती. मामांनी एक तुकडा उचलून टाचणी लावली. एका बाजूला चिकटली. दुसरीकडून खाली पडली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमची कॉइल पट्टीच्या एकाच अंगाला चुंबकत्व देते, पाठ जवळपास मेलेली राहते. लॉटच्या आधी पाठवलेलं सँपल इंजिनियरनं स्वतः सुलट बसवलं होतं. लॉट बसवणाऱ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी एका ढिल्या दाराची पट्टी काढून उलटवली. दार ठप्पकन लागलं.

इंजिनियर म्हणाला, मालकांना फोन करून मिटवतो.

"फोन नको. आरोप लेखी होता, उत्तरही लेखी द्या. मामांचं नाव घालून."

पत्र टाइप होईपर्यंत आम्ही दोघं तिथून हललो नाही.

चूक आमचीही होती. सुलट बाजू कुठली, हे आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं. पुढच्या लॉटपासून पाठीवर पांढरी रेघ मारायला लागलो.

माल परत आला की आधी माल तपासावा. माणूस तपासायची पाळी सहसा येत नाही.