पिठाची मूठ

गिरणीतून आणलेल्या ज्वारीच्या कोमट पिठाचा वास आला, की मला बिदरजवळच्या आमच्या गावातलं चर्च आठवतं. भाकरी थापायला बसण्याआधी आई रोज पिठाची एक मूठ चर्चसाठी पिशवीत टाकायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या बायका आपापल्या पिशव्या वेदीपुढच्या टोपलीत रिकाम्या करायच्या. एका महिन्यात जवळच्या कोळारच्या कारखान्यात कामाला जाणारा शेजारणीचा नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा आईने ती पिशवी गुपचूप तिच्या घरी दिली. "कुणाला सांगू नको, लाजंल ती," एवढंच मला म्हणाली. रविवारी आई रिकाम्या हाताने टोपलीपुढे वाकून परतली, तशी मागून एक बाई म्हणाली, "अक्का, या महिन्यात चूल पेटली न्हाई जणू!" बायका हसल्या, आईही हसली. खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं, आणि मीच तिच्या शेजारून उठून खिडकीपाशी जाऊन बसले. घरी येताना तिने विचारलं, "उकडायलतं म्हणून उठलीस का गं?" मी "व्हय" म्हणाले. तिने माझ्या कोरड्या कपाळावरून पदर फिरवला. आईला जाऊन आता दोन महिने झाले. शेवटच्या आजारात मी रोज तिच्या उशाशी बसत होते, पण मला उकडत नव्हतं, एवढं सांगायचं राहूनच गेलं.