मामांची टेस्टारोसा

आमच्या मामांनी जन्मात सायकलीपलीकडे काही चालवलं नाही. पण इटलीच्या दोन मोटारींवरून ते पोटच्या पोरीशी, चिमीशी, रोज कडाकडा भांडत. लातूरच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या परदेशी मासिकातली दोन चित्रं भिंतीला डकवलेली. दोन्ही गाड्या लालभडक, एकाच कारखान्याच्या. मामा टेस्टारोसाच्या बाजूने, चिमी एफ-फोर्टीच्या. आज म्हणे शौकीन लोक या दोन्ही जिवापाड जपून ठेवतात.

"माझ्या गाडीला बारा सिलिंडर हायत. ऐसपैस बैठक, खाली गालिचा! तुझं निव्वळ डबडं. आठ सिलिंडर, अन् आतून दार उघडायला निस्ती दोरी. नवरदेव बसंल का असल्या गाडीत?"

"हलकी हाय म्हणून तर पळती, बाबा! वर दोन टर्बो. तुमची म्हैस बसू द्या गालिच्यावर!" चिमी पाय आपटायची. "आधी घरात मिक्सर आणा, मग मोटारी," असं मामी आतून ओरडायच्या.

त्या वर्षी गणपतीला चिमी किल्लारीकडे आजोळी गेली. एसटीत बसेपर्यंत बापलेकीचं तेच चाललं होतं. गाडी हलली तेव्हा मामा हसत म्हणाले, "आल्यावर बघू." विसर्जन झालं आणि दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. आजोळचं दगडमातीचं घर बसलं. चिमी आणि तिची आजी, दोघीही गेल्या.

पुढे लातुरात क्लासचं पेव फुटलं. मीही मुदखेडहून बारावीसाठी मामांकडे राहायला आले, त्यांच्याच फिजिक्सच्या क्लासला. बल आणि वस्तुमान आलं की फळ्यावर त्याच दोन गाड्या! पोरं गणित मांडायची: वजन कमी, ताकद जास्त, म्हणजे एफ-फोर्टी पुढे. मामा फळा पुसायचे. "चूक हाय. परत करा." सगळा वर्ग खुसुखुसु हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा घरी येऊन मी मामींवर उखडलेच, "एवढे शिकलेले, अन् हा कसला फिजूल हट्ट?"

मामी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "राहू दे गं. ते हारले तर भांडण मिटंल. मग तिच्यासंगं त्यांनी बोलायचं काय?"

त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले, नांदेडच्या दवाखान्यात. शेवटच्या दुपारी मी त्यांना चमच्याने सरबत पाजत होते. एकदम म्हणाले, "तिचीच गाडी भारी होती."

मी चमचा पेल्यात ठेवला.

"पहिल्यापासनं ठावं होतं, बाई. फिजिक्सचा मास्तर मी, मला कळत न्हाई व्हय? पर ती चिडली की नाकाचा शेंडा लाल व्हायचा. लई गोड दिसायची."

मी त्यांचा हात धरून बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परवानगी मागावी तसं विचारलं, "आता सांगू का तिला?"

"सांगा, मामा," मी म्हटलं.