वामबाईंची ओळख

कचेरीतल्या कारकुनाने सुट्टीत सासुरवाडीला जावं. आमचे नगरचे शेजारी मात्र स्कूटरला गळ बांधून नदीमागून नदी हिंडत, कधी न पाहिलेला मासा भेटावा म्हणून. खायला नव्हे, त्यांच्या घरात कांदासुद्धा चालत नसे. नवा मासा लागला की, “आपलं गाव कोणतं?” असं आदराने विचारून ते त्याला सोडून देत. जुना लागला तर, “पुन्हा तुम्हीच?”

राहिली होती ती वाम. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी तिच्यासाठी आम्ही भीमा, गोदावरी पालथ्या घातल्या आणि अखेर भंडारदऱ्याखाली, प्रवरेत गळ ताणला गेला.

“मास्तर, आली! जाळी धरा!”

मी धरली. आत हातभर लांब काहीतरी वळवळत आलं. वाम अशी दिसते, हे मला काय ठाऊक! “साप!” म्हणून मी जाळीच नदीत भिरकावली.

शेजाऱ्यांनी कपड्यांसकट उडी मारली. रिकामी जाळी घेऊन वर आले, ते चक्क हसत. “शेपटीला हात लागला, मास्तर! ओळख झाली!”

नगरला परतताना वाटेत अकोल्याला चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने धरला. उजवा अजून पुसलाही नव्हता.