पेन्सिलीचे सात ठिपके

बाईंवर आळ आला तो एका शिशीवरून, आणि शिशी तरी केवढी, तर करंगळीच्या पेराएवढी. तिच्या तळाशी थोडंसं इंटरफेरॉन. विषाणू शिरला की आपल्या पेशी शेजारच्या पेशींना सावध करायला जे प्रथिन सोडतात, तेच हे. फक्त कारखान्यात जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, तेही औषधासाठी नव्हे, निव्वळ प्रयोगांसाठी. मोठं नाजूक प्रकरण. कडाक्याच्या थंडीच्या फ्रीजरमध्ये सुखानं राहतं, पण वितळवा, पुन्हा गोठवा, असं चार-सहा वेळा केलं की दिसायला तसंच आणि कामाला शून्य.

हे बाईंना एकोणीस वर्षं ठाऊक होतं. त्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ, फ्रीजर त्यांच्या ताब्यात. नवी शिशी आली की पहिल्याच दिवशी ती वीस बारक्या नळ्यांत वाटून गोठवायची, एक नळी एकदाच वापरायची, उरलं तर टाकून द्यायचं, हा त्यांचा नेम. शिवाय कुठलीही शिशी फ्रीजरबाहेर आली की तिच्या बुडाजवळच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं एक बारीक ठिपका. बाकीचे झाकणावर पेनानं खुणा करत. पण कामाला घेण्याआधी प्रत्येक शिशी स्पिरिटनं पुसतात आणि शाई त्यात निघून जाते, हे बाईंनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहून कानाला खडा लावला होता.

तिथे प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांना मात्र सगळ्याचीच घाई.

"बाई, वाटत बसू नका. निम्मं नळ्यांनाच चिकटून वाया जातं. लागेल तसं शिशीतूनच घेऊ."

"सर, मरेल ते."

"इथे डॉक्टरेट कुणाची आहे?"

बाईंनी शिशी आणून दिली, परत नेऊन ठेवली, ठिपका दिला. एकदा नाही, सात वेळा.

सातव्या खेपेला डॉक्टरांनी ताटलीतल्या पेशींवर इंटरफेरॉन घातलं, मग विषाणू सोडला, आणि सकाळी पाहतात तर एकही पेशी जिवंत नाही. चार दिवसांवर परिषद आलेली. मग काय, खापर फोडायला डोकं हवंच होतं. शिशीचं पार्सल आलं त्या दिवशी बाईंनी ते दिवसभर टेबलावर उघडं टाकलं, म्हणून माल खराब झाला, असं डॉक्टरांनी संस्थेच्या संचालकांना लेखी कळवलं. एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून फ्रीजर सांभाळणाऱ्या बाईबद्दल हे लिहिताना त्यांचा हात जरासुद्धा अडखळला नाही!

संचालकांनी त्याच दुपारी फ्रीजरला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे घेतली. बाईंचा करार महिनाअखेरीला संपत होता. असं पत्र फाईलमध्ये असताना तो पुढे चालू होणं शक्यच नव्हतं, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

"आई, माफी मागून मोकळी हो ना," कॉलेजातली लेक म्हणाली.

"मागेन की. आधी चूक तरी करू दे मला," बाई कडाडल्या.

चौकशीला संचालकांनी स्वतः कुलूप काढून शिशी बर्फात आणली. झाकण कोरं होतं.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "पुन्हापुन्हा काढली असती तर झाकणावर खुणा नसत्या का? एकदाच उघडली होती."

"साहेब, बुडाजवळचं दव पुसा," बाई म्हणाल्या.

संचालकांनी बोटानं पुसलं, चष्मा वर केला आणि मोजले. सात ठिपके. किल्ली पत्र आलं त्या दिवसापासून त्यांच्याच खिशात होती, तेव्हा हे मागाहून काढले म्हणायचीही सोय नव्हती. डॉक्टर एकाएकी खिडकीबाहेर बघायला लागले.

"बरं, झाला गैरसमज," संचालक म्हणाले. "विषय संपला. पत्र राहू दे फाईलमध्ये, काय बिघडतंय?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस ज्यांच्याकडे लोक चोरासारखं पाहत होते, त्यांना 'काय बिघडतंय' विचारायला लाज नाही वाटत?

"माझं बिघडतंय, साहेब. शिशी सात वेळा कुणी मागवली, ते डॉक्टरांनी त्याच पत्रावर लिहून सही करावी. तोवर मी या खुर्चीतून उठत नाही."

संचालकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग फाईल उघडून पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. डॉक्टरांनी वरचा खिसा चाचपला, खालचा चाचपला.

"आत्ता पेन नाहीये माझ्याकडे."

बाईंनी अॅप्रनच्या खिशातून बोटभर उरलेली पेन्सिल काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"हिनं लिहा, सर. हिचं लिहिलेलं स्पिरिटनं जात नाही."